बडोद्यात शिकायला आलात? मग जुने शहर पायी पाहा

बडोद्याच्या विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या मुलामुलींचे पहिले वर्ष साधारण एकाच पट्ट्यात जाते: सयाजीगंज, फतेगंज, अलकापुरी. विश्वामित्री नदी ओलांडायची ती खरेदीपुरती, आणि तीही रिक्षाने मंगळबाजारात उतरून तिथूनच परत. आमच्या दांडियाबाजारातल्या माडीवर भाड्याने राहून गेलेल्या काही मुलांनी पदवी हातात पडेपर्यंत तांबेकर वाडा पाहिलेला नव्हता. वाडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हा लेख अशांसाठी आहे, मग तुम्ही जळगावहून आलेले असा, साताऱ्याहून असा, नाहीतर वर्गातल्या आफ्रिकन मित्राला शहर दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडलेली असो.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती बहुतेक ठिकाणी उलटी सांगितलेली असते. मांडवीपासून, म्हणजे जुन्या गावाच्या मधोमध असलेल्या कमानींच्या इमारतीपासून, सुरुवात करू नका. मांडवी हा शेवट आहे. विद्यापीठाकडून निघालात तर आधी सयाजीरावांचे रुंद, आखीव शहर लागते, मग त्याच्या आधीच्या गायकवाडांचे वाडे, आणि मग तटबंदीच्या आतले, गायकवाडांच्याही आधीचे गाव. रस्ते हळूहळू अरुंद होत जातात आणि दोनशे-तीनशे वर्षे पायाखालून मागे सरकतात. रिक्षाने थेट मांडवीला उतरलात तर हे कळत नाही. तिथे नुसती गर्दी दिसते.

सगळे एका दिवसात उरकायचे नाही. दोन फेऱ्या करा. पहिली विद्यापीठापासून सुरसागर तलावापर्यंत, दुसरी न्यायमंदिरापासून मांडवी आणि पोळींपर्यंत, म्हणजे दरवाजांच्या आत वसलेल्या गल्ल्यांपर्यंत.

निघण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा दहा वाजायच्या आत खोलीवर परतायचे. पावसाळ्यात बातम्यांकडे लक्ष ठेवा. विश्वामित्री एरवी नाल्यासारखी दिसते, पण ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिचे पाणी अनेक वस्त्यांत शिरले होते आणि पाण्याबरोबर मगरीही रस्त्यांवर आल्या होत्या. मगरींचे अजिबात अतिशयोक्त नाही. त्या नदीत राहतात, शहराच्या मधोमध, आणि हिवाळ्यात पुलावरूनही दिसतात, काठावर ऊन खात पडलेल्या. काठाशी उतरून फोटो काढायच्या फंदात पडू नका.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आगेमागे आठ-पंधरा दिवस गळ्याभोवती रुमाल किंवा ओढणी हवीच. मांजा दिसत नाही आणि कापतो. दुचाकीवर असाल तर जास्तच जपा, पण पायी चालणाऱ्यानेही गाफील राहू नये.

पायात सहज काढता येतील अशी पण टाचेला धरून राहणारी पादत्राणे घाला, कारण देवळे बरीच आहेत आणि पोळीतल्या फरश्या गुळगुळीत झालेल्या आहेत. पाण्याची बाटली, सुटे पैसे, विद्यापीठाचे ओळखपत्र. एवढे पुरे. मोठी सॅक पाठीवर घेऊन मांडवीच्या बाजारात शिरलात तर लोकांचे शिव्याशाप घ्याल.

पहिली फेरी रविवारी सकाळी सात-साडेसातला सुरू करा. रस्ते मोकळे असतात, मान वर करून बघता येते. दुसरी मात्र कामाच्या दिवशी, कारण ग्रंथालय आणि बाजार चालू हवेत. तांबेकर वाडा नेमका कधी उघडा असेल याचा भरवसा रविवारी धरू नका. बंद मिळाला तर दुसऱ्या फेरीत घ्या, तो वाटेवरच आहे.

कॉलेजचा घुमट आणि कमाटीबाग

सुरुवात आर्ट्‌स फॅकल्टीच्या दारातून. हे जुने बडोदा कॉलेज, १८८१ चे. वास्तुविशारद रॉबर्ट चिझम. हे नाव लक्षात ठेवा, ते आज पुन्हा भेटणार आहे. घुमट पाहिला की विजापूरचा गोलघुमट आठवतो. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत आले आणि पुढे याच कॉलेजात शिकवू लागले. १९०६ पर्यंत ते बडोद्यात होते आणि इथेच मराठी शिकले. विनोबा भावेही बडोद्यात वाढले, इथेच शिकले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले आणि मध्येच सुरतेला उतरून काशीला गेले. परीक्षेच्या आधीच्या रात्री ही गोष्ट कुणाला सांगू नका.

विद्यापीठ १९४९ चे. तोवर इथे कॉलेजच होते.

तिथून काळा घोडा. सर्कलवरचा हा अश्वारूढ पुतळा सयाजीराव महाराजांचा. त्यांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, १९०७ च्या सुमारास, फ्रान्सिस डरवेंट वूड या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. रिक्षावाल्याला पुतळ्याचे नाव सांगून उपयोग नाही, ‘काळा घोडा’ म्हणा. बागेचेही तसेच. फलकावर सयाजीबाग असते, गावाच्या तोंडी कमाटीबाग.

बाग १८७९ ची. सकाळी चालायला येणाऱ्यांनी गजबजलेली असते. आत संग्रहालय आहे, १८९४ चे. ते आज पाहू नका, दोन तास जातील. वेगळ्या दिवशी या आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा, इजिप्तची ममी आणि बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेली जैन कांस्यशिल्पे एवढी तरी नीट बघा. ममीपुढे गर्दी असते आणि अकोट्याच्या मूर्तींपुढे कुणी नसते. माझ्या मते हे उलटे असायला हवे होते.

आज बागेत एकाच जागी थांबायचे आहे, संकल्पभूमीपाशी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यात नोकरीला आले. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न तुमचाच होता: राहायचे कुठे? जातीमुळे हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने खोली घेतली. काही दिवसांनी बातमी फुटली आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा जण दारात उभे राहिले. संध्याकाळच्या आत जागा सोडा म्हणाले. शहरात दोन ओळखीचे मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग सामान कुठेतरी ठेवून ते या बागेत येऊन बसले, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे, तेही अगदी साध्या शब्दांत. अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प त्यांनी इथे बसून केला असे मानतात, म्हणून २३ सप्टेंबरला इथे संकल्प दिन पाळतात. त्या दिवशी दूरदूरचे लोक येतात, बाग निळ्या झेंड्यांनी भरते.

ज्या संस्थानाने त्यांना अमेरिकेला पाठवले, त्याच्याच राजधानीत त्यांना एक खोली मिळू शकली नाही. आजही इथे भाड्याने खोली शोधताना ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न विचारला जातो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. बाग पाहताना नुसत्या फुलांच्या घड्याळापाशी फोटो काढून परतू नका, एवढेच माझे म्हणणे.

पूल ओलांडून रावपुऱ्याकडे

काळ्या घोड्याकडून पूल ओलांडला की कीर्तिमंदिर लागते. गायकवाड घराण्यातल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी १९३६ मध्ये हे बांधून घेतले. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत. आतल्या भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची भित्तिचित्रे आहेत: गंगावतरण, मीरेचे आयुष्य, टागोरांच्या ‘नटीर पूजा’तले प्रसंग आणि महाभारतातले युद्ध. १९३९ पासून पुढची काही वर्षे ते येत राहिले आणि एकेक भिंत रंगवत गेले. आत सोडतात की नाही, हे त्या त्या दिवशी दारावर विचारावे लागते. फाइन आर्ट्‌सचे विद्यार्थी असाल तर विभागाचे पत्र घेऊन जा, काम सोपे होते.

पुढे कोठी, म्हणजे कलेक्टर कचेरीचा परिसर. सरकारी इमारती आहेत, बाहेरून बघा आणि पुढे व्हा.

रावपुऱ्याच्या रस्त्याला लागलात की एक सवय लावून घ्या. दुकानांच्या पाट्यांच्या वर बघायचे. तळमजल्यावर मोबाइलची कव्हरे, चष्मे, औषधे. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर लाकडी खांब, कोरलेल्या तुळया, लोखंडी कठड्यांच्या गच्च्या. काही घरांच्या कपाळावर बांधल्याचे साल असते. फक्त बघताना कडेला उभे राहा, चालता चालता वर बघितलेत तर स्कूटर अंगावर येईल. बडोद्यात फूटपाथवर चालणाऱ्याचा पहिला हक्क नसतो, तिथे खुर्च्या, पुतळे आणि गायी असतात.

रावपुऱ्याचा टॉवर १८९६ चा, चिमणाबाई क्लॉक टॉवर. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीच्या नावाचा. गावात पत्ता सांगताना नुसते ‘टॉवर’ म्हटले तरी चालते. इथे दुलीरामचे पेढे मिळतात. मला ते जरा जास्तच गोड वाटतात, पण पाहुण्यांकडे जाताना बडोदेकर तेच नेतो, तेव्हा चाखून ठेवा.

तांबेकर वाडा

टॉवरपासून सुरसागरच्या अंगाला निघा आणि तांबेकर वाडा विचारत जा. नकाशावर बोट ठेवून चालण्यापेक्षा माणसांना विचारलेले बरे, कारण गल्ली अरुंद आहे आणि वाडा समोर येईपर्यंत दिसत नाही. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचे हे घर. आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. बाहेरून चारचौघांसारखा, लाकूड आणि विटांचा मराठी वाडा. पुण्याकडच्यांना वाटेल, हे काय, आमच्याकडे असे पुष्कळ होते. आत जाऊन जिने चढा, मग बोलू.

वरच्या मजल्यांवर भिंती, कोनाडे, दारांच्या फळ्या, छत, जिथे म्हणून जागा मिळाली तिथे चित्रे आहेत. एकोणिसाव्या शतकातली, शेकड्यांनी. कृष्णलीला आहे, रामायण-महाभारत आहे. त्याच ओळीत मराठे-इंग्रजांची लढाई आहे, आणि जरा बाजूला युरोपीय पोशाखातल्या मडमा आहेत. हीच मला या वाड्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. दिवाणाचे घर, त्यामुळे रेसिडेन्सीशी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीशी, रोजचा संबंध. चित्रकाराने साहेबाला, त्याच्या बायकोला पाहिलेले, निदान त्यांची चित्रे तरी पाहिलेली. मग त्याने गोपींच्या शेजारी त्यांनाही जागा देऊन टाकली. कुणी हरकत घेतलेली दिसत नाही.

बघण्याची रीत सांगते. आधी डोळे अंधाराला सरावू द्या, दोन मिनिटे नुसते उभे राहा. मग एका भिंतीसमोर बसा आणि डावीकडून उजवीकडे न बघता आधी माणसांचे कपडे बघा. पागोट्याची बांधणी, साडीचा काष्टा, शिपायाचा डगला. कोण मराठा, कोण गुजराती शेठ, कोण गोरा, हे त्यावरून कळू लागते, आणि मग चित्रातली गोष्ट आपोआप उलगडते. भिंतीला हात लावायचा नाही. फ्लॅश मारायचा नाही. रंग आधीच बरेच उडालेले आहेत.

दाराशी राखणदार असतो. त्याच्याशी दोन शब्द बोला, पाणी विचारा. घाईतल्या पाहुण्याला न दाखवलेला कोपरा तो तुम्हाला दाखवेल.

दांडियाबाजार

आता आमचा भाग. इथे मराठी बिनधास्त बोला. पाट्या गुजरातीत असल्या तरी काउंटरमागचा माणूस मराठीत उत्तर देण्याची शक्यता बरीच. आमची मराठी तुम्हाला जरा वेगळी वाटेल. वाक्य मराठी, मध्येच दोन शब्द गुजराती, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हसू नका, सहा महिन्यांत तुमचीही तशीच होईल.

भाऊ काळेची गल्ली, प्रोफेसर माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर, अरविंद घोषांच्या वास्तव्याची जागा असलेले श्रीअरविंद निवास, हे सगळे इथेच. १९०८ च्या सुरुवातीला विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर अरविंद तीन दिवस मजुमदारांच्या वाड्यात ध्यानाला बसले होते. श्रीअरविंद निवासात बसायला शांत जागा आहे, आणि ऊन चढल्यावर तिचे महत्त्व ध्यानाची आवड नसणाऱ्यालाही पटते. व्यायाम मंदिरात जायचे तर संध्याकाळ बरी, मुले मल्लखांबावर असतात. गणपतीत हा सगळा भाग बघण्यासारखा होतो. पण तेव्हा चालणे शक्य नाही, नुसते ढकलले जाणे असते.

खायचे इथेच. कॅनरा कॉफी हाऊसमध्ये ‘पूना मिसळ’ मिळते. पुण्याहून आलेल्याने तिच्यावर मतप्रदर्शन करण्याआधी ताट संपवावे. बडोद्याची खरी ओळख मात्र सेव-उसळ. वाटाण्याची उसळ, वरून शेव, कांदा, पाव आणि वेगळी मिळणारी लाल तिखट तरी. तरी आपणच वाटीतून घालून घ्यायची असते. पहिल्यांदा चमचाभर घाला. घरी न्यायला लीलो चेवडो घ्या, हिरवट, मऊ, बटाट्याचा आणि डाळीचा, गोड-तिखट. आमच्या भाकरवडीवरून आणि तुमच्या भाकरवडीवरून वाद घालायला बसू नका, तो कधीच संपत नाही.

सुरसागर

दांडियाबाजारातून बाहेर पडलात की तलाव. मध्ये १११ फूट उंचीचा, सोन्याने मढवलेला महादेव उभा आहे. महाशिवरात्रीला ‘शिवजी की सवारी’ निघते, तेव्हा या भागाकडे फिरकूच नका, किंवा फिरकायचे तर दुपारपासून रात्रीपर्यंतची तयारी ठेवा.

मूर्ती सगळेच बघतात. तुम्ही काठावरच्या संगीत महाविद्यालयाकडे बघा. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने इथे गायनशाळा सुरू केली, तीच आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌सची फॅकल्टी. पुढे उस्ताद फैयाज खाँ बडोदे दरबारचे गवई होते. कामाच्या दिवशी उशिरा सकाळी गेलात तर खिडक्यांमधून तबला, कथ्थकचे बोल आणि सतारीचे सूर एकमेकांत मिसळून ऐकू येतात. कट्ट्यावर बसा. पहिली फेरी इथे संपली.

परतायला शटल रिक्षा मिळते. स्टेशनच्या दिशेने जाणारी आहे ना एवढे विचारून बसा, आणि मागे तिघांच्या जागी चौघे बसणार हे गृहीत धरा.

दुसरी फेरी: न्यायमंदिर, लहरीपुरा

शटलने न्यायमंदिराला उतरा. पुन्हा चिझम, १८९६. न्यायालय काही वर्षांपूर्वी नव्या इमारतीत गेले, तोवर इथे काळ्या कोटांची वर्दळ असायची. आत चिमणाबाईंचा संगमरवरी पुतळा आहे. प्रवेशाची स्थिती बदलत राहते, म्हणून बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. मागची बाजू पुढच्यापेक्षा कमी पाहिली जाते आणि जास्त आवडते, निदान मला.

समोर लहरीपुरा दरवाजा. इथून तटबंदीच्या आतले गाव सुरू होते. तट आता उरलेला नाही, दरवाजे आहेत. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानांच्या काळात हे गाव वसले. मधोमध मांडवी, तिथून चार दिशांना चार रस्ते आणि प्रत्येकाच्या टोकाला दरवाजा: पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी. एवढे पाठ केलेत की तुम्ही हरवू शकत नाही. कुठल्याही गल्लीत वाट चुकलात तर ‘मांडवी कुठे?’ एवढेच विचारायचे, आणि मांडवीतून आपला रस्ता पुन्हा धरायचा. फोनवरचा नकाशा पोळीत गोंधळतो. तो भिंतीतून वाट दाखवतो, किंवा असलेली वाट दाखवत नाही.

लहरीपुऱ्यापासून मांडवीपर्यंतचा रस्ता दहा-पंधरा मिनिटांचा, पण तुम्हाला तासभर लागेल. कापड, भांडी, सोनार, पूजेचे साहित्य. चणिया-चोळीचा बाजार नवरात्राच्या आधी इतका फुलतो की रस्ता उरत नाही. वाटेत विठ्ठलमंदिर आहे, गायकवाडांच्या काळचे. आषाढीला आणि देवउठी एकादशीला, म्हणजे कार्तिकीला, इथे मोठी गर्दी असते. कार्तिकीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो. मराठी देव, गुजराती मिरवणूक, आणि आरतीला दोन्ही भाषांची माणसे. ते एकदा बघाच.

मांडवीची चौकोनी, कमानींची इमारत रस्त्याच्या बरोबर मध्यात आहे. चारी बाजूंनी वाहने वाहतात. खाली उभे राहून आपण आलो ती दिशा आणि उरलेले तीन रस्ते एकदा नजरेने पक्के करा. फोटो काढायचा तर रस्त्याच्या मधोमध नको, एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढून. दुकानदाराला विचारून.

पोळीत शिरताना

मांडवीच्या उत्तरेला घडियाळी पोळ, नरसिंहजींची पोळ, आणि त्यांच्या पोटात आणखी लहान खांचे, म्हणजे बोळ. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेली गल्ली, दोन्ही बाजूंना चिकटून घरे, मध्ये देऊळ, पाण्याची जागा. तिला रस्ता समजून शिरू नका. लोकांचे अंगण समजून शिरा. दुपारी बायका ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या असतात, पुरुष खाटेवर पेपर वाचत असतात, कुणाची वाळवणे पडलेली असतात. नुसते घुसून मोबाइल उंचावलात तर कुणी काही बोलणार नाही, पण सगळे गप्प होतील, आणि मग तुम्हाला तिथे काहीच दिसणार नाही.

त्याऐवजी पहिल्या ओट्यावरच्या आजींना ‘मासी, अंदर जवाय?’ विचारा. वाक्य मोडकेतोडके असले तरी हरकत नाही. मराठी घर असेल तर त्यांना लगेच कळेल आणि ‘कुठची गं तू?’ सुरू होईल. बहुधा चहाही होईल. चहा नाकारू नका, हवा तर अर्धा कप मागा. एकदा चहा झाला की लाकडी खांबांचे फोटो, वरच्या माळ्यावरची जुनी पेटी, आजोबांनी राजवाड्यात केलेली नोकरी, हे सगळे आपोआप येते. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावे. भीती आहे म्हणून नव्हे. घरात आत बोलावले तर एकटीला संकोच वाटतो आणि आपण नको म्हणून परततो.

पोळीतली बरीच घरे आता बंद आहेत. पुढची पिढी नव्या वस्तीत फ्लॅटमध्ये गेली. काहींच्या जागी गोदामे झाली, काही पाडून सिमेंटची झाली. कुलूप लागलेल्या दाराचा फोटो काढायला बंदी नाही, पण ‘हे घर कोणाचे होते?’ हे शेजारी विचारलेत तर फोटोबरोबर गोष्टही मिळते.

ग्रंथालय

दमलात की मध्यवर्ती ग्रंथालयात जा, मांडवीपासून जवळ आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेल्या माणसाला वाचायला काय द्यायचे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले, आणि १९१० मध्ये संस्थानची ग्रंथालय चळवळ सुरू झाली. इमारत नंतरची, १९३१ ची. पुस्तकांच्या दालनात लोखंडी मांडण्या आणि काचेच्या लाद्यांचे मजले आहेत. लाकूड टाळले ते आगीच्या भीतीने, आणि काच घातली ती वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोचावा म्हणून. काचेवर उभे राहून खालच्या वाचकाची सावली बघण्यात मोठी मौज आहे. मराठीचा संग्रह चांगला आहे, जुन्या सयाजी साहित्यमालेची पुस्तकेही विचारून बघा. ओळखपत्र दाखवा, दालन बघायचे असेल तर आधी ग्रंथपालांना विचारा, फोटो त्यांच्या परवानगीनेच.

उरलेले

पाणीगेटकडचा रस्ता मी तुम्हाला आग्रहाने सांगणार नाही, दोनच फेऱ्या करणार असाल तर सोडा. गेंडी गेटचा रस्ता डिसेंबरअखेरीपासून उत्तरायणापर्यंत चालण्यासारखा असतो. पतंगांची दुकाने लागतात, कारागीर पदपथावर बसून दोऱ्यावर रंग चढवतात, हात गुलाबी झालेले. उत्तरायणाच्या आदल्या रात्री तिथे उभे राहायला जागा मिळत नाही. खंडेराव मार्केटमध्ये महापालिकेची कचेरी आहे, इमारत देखणी. तिच्या मागच्या फुलबाजारात पहाटे जा, नऊनंतर काही उरत नाही.

लक्ष्मीविलास राजवाडा मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो या फेऱ्यांमध्ये बसवू नका. मेजर चार्ल्स मँटने आरंभलेला आणि चिझमने १८९० मध्ये पुरा केलेला हा वाडा प्रचंड आवाराच्या आत आहे, तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला जाणवेल असे आहे, आणि सोमवारी तो बंद असतो. आईवडील तुम्हाला भेटायला आले की त्यांना घेऊन जा. त्याच आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत. वडिलांना राजवाडा आवडेल आणि आई रविवर्म्यापुढून हलणार नाही, तेव्हा अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि दुपारचे जेवण आधीच उरकून निघा.